रहिमतपूरचा हुंकार

‘प’ आणि ‘म’ ही दोन अक्षरं माझी जन्माची वैरी. बाकीच्या अक्षरांशीही अधूनमधून खटके उडायचे, पण माझं घोडं खरं पेंड खायचं ते या दोघांपाशी. हॉटेलात पोहे खावेसे वाटले की मी शेव मागायचो. मिरजेचं तिकीट काढायला खिडकीशी गेलो की सांगलीचं मागून मोकळा व्हायचो, आणि जास्तीचे पैसे गेले म्हणून वाटभर स्वतःवर चडफडायचो. म्हणजे सरळ सांगायचं तर मी तोतरा. आता तोतरा माणूस स्वभावाने गरीब, सोशिक असतो असं कुणाला वाटत असेल तर ते साफ खोटं आहे. आम्ही महासंतापी असतो. संताप बाहेर काढायला जी अक्षरं लागतात ती वेळेवर हजर होत नाहीत, म्हणून लोक आम्हाला गरीब गाय समजतात. मी जन्मात जेवढी भांडणं जिंकलो ती सगळी कागदावर. तोंडी एकसुद्धा नाही.

आमचं घर साताऱ्याला. वडील मी लहान असतानाच गेले, आणि घरात उरलो आई आणि मी. आईला माझी वाक्यं पुरी करायची सवय. मी नुसतं “आई, मला प...” म्हणायचा अवकाश, की ती हातातलं काम टाकून ‘प’चं दुकान मांडायची. “पाणी? पाट? पेन्सिल? पोटात दुखतंय का रे?” यातल्या कशाला तरी मी मान डोलवायचो आणि नको असलेलं पाणी पिऊन टाकायचो. शिंप्याकडे, वाण्याकडे, शाळेत हेडमास्तरांसमोर, ती माझ्या शेजारी उभी राहून माझं बोलणं बोलायची. मी अडकलो की तिचाच श्वास अडकायचा, तिच्या गळ्याची शीर माझ्याआधी फुगायची. हे सगळं मला दिसायचं, कळायचं, आणि तरी तिचा राग यायचा. माझ्या तोंडून माझं म्हणून एक वाक्य पुरं बाहेर पडावं, एवढीच माझी हौस होती आणि ती तेवढीही पुरी होऊ देत नव्हती.

आणि अशा माणसाला व्हायचं काय होतं, तर मास्तर! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण त्याला माझा इलाज नव्हता. इतिहास मला मनापासून आवडायचा, आणि जे आवडतं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही. परीक्षेत मार्क चांगले पडले होते, परीक्षेत तोंड उघडावं लागत नाही. त्या मार्कांच्या जोरावर सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मला हंगामी जागा मिळाली.

तिथे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी ‘म... म... म...’ करायला लागलो की मागच्या बाकांवरची पोरं त्याच तालात बाकावर बोटं वाजवायची. मी थांबलो की थांबायची, सुरू झालो की सुरू व्हायची. दिवाळीनंतर माझा वर्ग काढून घेतला आणि मला पेपर तपासायला बसवलं. मग एके दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांनी खोलीत बोलावलं.

साहेब मनाने वाईट नव्हते, पण जिभेला कल्हई केलेली नव्हती. म्हणाले, “हे पाहा, तुमचा अभ्यास आहे, मला ठाऊक आहे. पण मी तुम्हाला वर्गावर पाठवू कसा? एक संधी देतो. विद्यापीठाची प्रौढांची व्याख्यानमाला आहे, त्यात रहिमतपूर तुमच्याकडे. दोन दिवस, दोन व्याख्यानं. मोठी माणसं आहेत, बाकं वाजवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मी स्वतः येऊन बसेन. जमलं तर जूनपासून पहिल्या वर्षाचा वर्ग तुमचा. नाही जमलं तर ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहायचं काम आहे. तिथे बोलावं लागत नाही.”

बोलावं लागत नाही! साहेबांनी ते दिलासा म्हणून सांगितलं होतं. मला तर ती फाशीच वाटली.

ही प्रौढांची व्याख्यानमाला विद्यापीठ दरवर्षी भरवायचं. सुगी उरकत आली, शेतकऱ्याला जरा पाठ टेकायला सवड मिळाली, की कॉलेजातले प्राध्यापक कुठे रहिमतपूरला, कुठे पाटणला असे जायचे आणि देवळात, शाळेत, असेल त्या जागी वर्ग घ्यायचे. शाळा अर्ध्यावर सोडलेले शेतकरी, दुकानदार, पलटणीतून परतलेली माणसं, सगळे यायचे. फी नाही, परीक्षा नाही. आपण पुन्हा वर्गात बसलो, याचंच त्यांना अप्रूप. मी गेलो त्या वर्षी लढाई नुकतीच संपली होती. रॉकेल रेशनवर होतं, म्हणून गॅसबत्तीचा खर्च टाळायला व्याख्यान उन्हं कलताना सुरू करून दिवस मावळायच्या आत उरकायचं, असा रिवाज होता.

विषय मी स्वतः निवडला होता: आपल्या शेतातली परदेशी पिकं. मिरची, मका, भुईमूग, बटाटा, पेरू, पपई, ही सगळी मंडळी मूळची आपली नव्हेत, समुद्रापलीकडून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली, असं सांगायचं होतं. वाचून वाचून मी त्या विषयावर अगदी लट्टू झालो होतो. गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मिरची, मका, पेरू, पपई, पोर्तुगीज! सगळे वैरी एका रांगेत उभे केले होते मी. विषय ठरवताना माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

स्टेशनवर उतरवून घ्यायला व्याख्यान समितीचे अध्यक्ष बैलगाडी घेऊन आले होते. गुळाचे अडते. धोतर, कोट, डोक्याला फेटा, आणि बोलणं असं की समोरच्याला तोंड उघडायची गरजच पडू नये. मला ते फार बरं वाटलं. वाटेत त्यांनी गेल्या वर्षीची कथा सांगितली. कुणी मोठे विद्वान आले होते. व्याख्यान सुरू झालं, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मंडपातून कुणीतरी “हूं,” “व्हय,” “मंग?” करायला लागलं. एकाचं पाहून दुसरा, दुसऱ्याचं पाहून तिसरा. विद्वानांना वाटलं गाव आपली टर उडवतंय. शाल झटकून उठले, निघून गेले, आणि रहिमतपूरला पुन्हा वर्ग देऊ नका म्हणून वर सांगून आले. अडत्यांनी कुणाकुणाचे पाय धरून या वर्षीचा वर्ग मिळवला होता.

“पण आता काळजी करू नका,” ते म्हणाले. “दवंडी पिटलीय मी. व्याख्यानाला येणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं. हूं नाही की चूं नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल बघा.”

मी मनात म्हटलं, देव पावला. बाकं वाजवणाऱ्यांच्या तावडीतून सुटून मी मुक्या माणसांच्या गावात आलो होतो. सुंठीवाचून खोकला गेला.

कसला जातोय! देवळाचा मंडप माणसांनी भरला होता. पुढे फेटे, मागे टोप्या, एका अंगाला बायका. मी उभा राहिलो, आणि अडत्यांनी सांगितलं होतं तशी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. सगळे ओठ घट्ट मिटून, डोळे माझ्यावर रोखून बसले होते. पोरांच्या गोंगाटात निदान माझं अडखळणं झाकून तरी जायचं. इथे माझी एकेक धाप देवळाच्या घुमटात घुमून परत माझ्या कानावर आदळत होती. माणसांच्या तोंडावर काही हलतच नव्हतं. कळतंय का, पटतंय का, जिवंत तरी आहेत का, कशाचा पत्ता नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आम्हा दोघांनाही बसत होता, त्यांना आणि मला.

कशीबशी नमस्काराची वाक्यं झाली. म्हटलं, “आपल्या रोजच्या जेवणातली एक वस्तू घेऊ. ती म्हणजे म... म... मि...”

आणि अडकलो. मान वर झाली, डोळे मिटले गेले, हनुवटी थरथरायला लागली. मी पुन्हा “म... म...” आणि तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून अडत्यांना माझी दया आली. ते ताडकन उठले आणि मोठ्यांदा म्हणाले, “महाराज! बोला, महाराजांचा...”

“विजय असो!” मंडपाने गर्जना केली. इतका वेळ तोंड दाबून बसलेल्या लोकांना तेवढीच वाट सापडली. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. अडत्यांना वाटलं आपण व्याख्यान सावरलं. त्यांनी मला हार घातला, आभार मानले, आणि सभा संपली. मिरची माझ्या घशातच राहिली.

त्यांच्या घरी पिठलंभाकरी चांगली होती, पण मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो. सकाळी अडत्यांचा डोळा चुकवून मी पिशवी उचलली आणि स्टेशनचा रस्ता धरला. सांगलीकडची गाडी पकडायची, साहेब इकडे यायला निघायच्या आत त्यांना गाठायचं आणि सांगायचं, द्या तुमची कार्डं. चालता चालता डोळ्यांत पाणी येत होतं, ते रागाचं होतं का दुःखाचं मला आजही सांगता यायचं नाही.

स्टेशनाअलीकडच्या माळावर मेंढरं चरत होती आणि खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याने मला ओळखलं.

“मास्तर, चालला व्हय?”

मी मान हलवली.

“काल तुमी सांगत हुता ते म्हाराजांचं न्हवतं,” तो म्हणाला. “अडत्यानं मदीच म्हाराज घुसडलं. तुमचं दुसरंच कायतरी हुतं. मला लय चुटपुट लागली बगा.”

मला एकदम भडकायला झालं. या म्हाताऱ्याला कळलं, मग अख्ख्या मंडपाला का कळू नये? मी पिशवी खाली आदळली. “मि... मि... मि...”

इथे कोणीही असतं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिलं असतं, नाहीतर “मीठ? मिशी? मिरज?” असं सुरू झालं असतं. म्हाताऱ्याने यातलं काहीच केलं नाही. नजर मेंढरांवर ठेवून तो नुसता “हूं” म्हणाला. घाई नाही, कीव नाही. जणू मी जे म्हणत होतो ते चाललंच आहे.

“मिरची,” मी म्हणालो.

“मंग?”

“मिरची आपली नाही.”

“आँ? आपली न्हाई, मंग कुनाची वो?”

“समुद्राच्या पलीकडे एक मुलूख आहे. तिथली.”

“हूं. मंग हिकडं कशी आली?”

“गलबतातून.”

“आस्सं. कुनी आनली?”

“पोर्तुगीजांनी,” मी म्हणालो, आणि जागच्या जागी थबकलो. पोर्तुगीज! तो शब्द मी त्याआधी एका दमात कधी उच्चारला नव्हता. म्हातारा मात्र थबकला नाही. “मंग?” त्याने विचारलं. मी सांगत गेलो. दोनचार शब्द झाले की त्याचा “हूं” यायचा, त्यात मला श्वास मिळायचा. वाक्य झालं की “मंग?” यायचं, आणि त्या “मंग?”ला उत्तर द्यायला पुढचं वाक्य आपोआप उठायचं. आईसारखा तो मला शब्द देत नव्हता, नुसता मागत होता. मी गोव्याच्या बंदरात पोचलो तेव्हा सांगलीकडची गाडी शिट्टी देऊन सुटली. मला तिची आठवणही राहिली नव्हती. अधूनमधून अडखळलो, नाही असं नाही, पण अडखळलो तरी म्हाताऱ्याचा हुंकार तिथेच उभा असायचा.

“मंग मिरची न्हवती तवा ठेचा कशाचा करत हुतं?” शेवटी त्याने विचारलं.

“ठेचाच नव्हता,” मी म्हणालो. “काळी मिरी होती, आलं होतं.”

“आरं तिच्या! ठेचा न्हाई?” म्हातारा इतका हळहळला की मी खळखळून हसलो. त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा.

मग त्याने आपली हकीगत सांगितली. गावात कुणाकडे कथा असो, गोंधळ असो, सांगणाऱ्यापुढे हुंकार द्यायला यालाच बसवायचे. हुंकार देणारा नसेल तर सांगणारा गोष्ट सुरूच करायचा नाही, कारण आपलं कोणी ऐकतंय हे त्याला कळणार कसं? हुंकाराशिवाय ऐकणं म्हणजे सांगणाऱ्याचा अपमान, अशी तिकडची रीत. गेल्या वर्षी त्या विद्वानांना पहिला “हूं” याचाच होता.

“आवं, एवढा लांबनं मानूस आलाय, त्येला येकट्यालाच कसं बोलू द्याचं, म्हून हुंकार दिला,” तो म्हणाला. “तर त्येनी समजलं आमी चेष्टा करतुय. माज्यापायी गावाचा वर्ग जात हुता. काल मी पटक्याचा श्येव, ह्यो लोंबतुय न्हवं त्यो, तोंडात कोंबून बसलो हुतो, चुकून आवाज निगू नये म्हून.”

“आज पुढे बसा,” मी म्हणालो. “हुंकार द्या.”

म्हाताऱ्याने कानाला हात लावला. “न्हाई बा. अडत्यानं माज्याफुडं हात जोडल्यात. आज तुमचा मोठा सायब येनार. परत वर्ग गेला तर गाव मला जित्ता ठेवायचं न्हाई.”

मी तडक अडत्यांच्या घरी परतलो. त्यांना सांगायचं होतं की दवंडी मागे घ्या. पण त्यांच्यापुढे माझी जीभ पुन्हा दगड झाली. मी “द... दवंडी म... म...” म्हणेपर्यंत ते म्हणाले, “मोठ्यांदा पिटू? आज दोनदा पिटायला सांगितलीय!” मी जोरजोराने मान हलवली. शेवटी रागाच्या भरात त्यांच्या मुलाची पाटी ओढून घेतली आणि लिहिलं: लोकांना बोलू द्या. त्यांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला. “मास्तर, तुम्ही उद्या जाल सांगलीला,” ते हळूच म्हणाले. “वर्ग गेला तर आमच्या गावाचा जाईल. लढाईवरनं आलेली पोरं आता कुठे चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायला बसायला लागलीत. माझं ऐका, पाया पडतो.” मी पाटी पुसून परत ठेवली. त्यांचंही खरं होतं.

उन्हं कलली. मंडप कालच्यासारखाच भरला. साहेब दुपारच्या गाडीने आले होते. पहिल्या रांगेत खुर्ची, कोट, मांडीवर टोपी, चेहरा परीक्षकाचा. मी उभा राहिलो आणि पुन्हा ती शांतता अंगावर आली. जून महिना, वर्ग, फळा, खडू, सगळं माझ्या आणि त्या फेट्यांच्या मधल्या चार हात जागेत होतं. मी सुरुवात केली. “काल जे सांगायचं राहिलं, ते आज सांगतो. आपल्या जेवणातली मि... मि... मि...”

अडकलो. साहेबांनी नजर खाली वळवली आणि टोपीवरची धूळ झटकायला लागले. अडते खुर्चीच्या कडेला आले. आता पुन्हा महाराज येणार, मला स्पष्ट दिसलं. मी हात आडवा करून त्यांना थांबवलं आणि मंडपात म्हाताऱ्याला शोधलं. तो पार मागे खांबाला टेकून बसला होता, तोंडात पटक्याचा शेव, डोळे माझ्यावर. मी त्याला हाताने खूण केली. त्याने मान हलवली, नाही. अडत्यांकडे बोट दाखवलं. तेव्हा मी सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर, त्या म्हाताऱ्याला हात जोडले.

माणसं वळून वळून मागे बघायला लागली. म्हाताऱ्याने अडत्यांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग सावकाश तोंडातला शेव काढला आणि मांडीवर ठेवला.

“हूं,” तो म्हणाला.

साहेबांची मान झटक्याने वळली. अडत्यांनी डोळे मिटून घेतले.

“मिरची,” मी म्हणालो.

“मंग?”

“ती आपली नाही!”

“तर वो!” पुढच्या रांगेतला एक पलटणीतला गडी न राहवून बोलला. “मंग कुनाची?” आणि बायकांच्या अंगाने कुणीतरी ठसक्यात म्हणालं, “आवं काय सांगताय? रोज वाटतो आमी ती!” मंडपात हसू फुटलं. दवंडी गेली उडत. मी समुद्र ओलांडला. “हूं.” गलबतं आणली. “मंग?” पोर्तुगीज उतरवले, पेरू, पपई, मका एकामागोमाग एक खाली उतरवला. “आस्सं, आस्सं!” भुईमूगही परका निघाला तेव्हा लोक हळहळले, बटाट्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. मी अडखळत होतो, तरीही अडखळत होतो, पण आता अडखळलो की साऱ्या मंडपाचा “हूं” माझ्या पाठीशी उभा राहायचा आणि मी त्याला धरून पुढे सरकायचो. ठेचा नव्हता हे ऐकून तर गावाने म्हाताऱ्यासारखाच गळा काढला.

साहेबांकडे बघायचा मला धीर होत नव्हता. विद्वान उठून गेले होते तसे हेही उठतील, एवढंच डोक्यात होतं. उन्हं देवळाच्या पायरीवरून खाली सरकली. मी शेवटाकडे आलो. म्हटलं, “आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट पुढे आहे,” आणि श्वास घ्यायला थांबलो. त्या क्षणी मागून हुंकार आला नाही, कारण पुढूनच आला. कोट घातलेले, टोपी मांडीवर विसरलेले प्रिन्सिपॉलसाहेब पुढे झुकून म्हणाले, “मग?”

हुश्श! माझा जीव असा भांड्यात पडला की नवलाची गोष्ट कोणती हेच मी विसरलो. काहीतरी सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अडते माझ्या गळ्यात पडून म्हणाले, “मास्तर, मी दोन वेळा मेलो आज,” आणि खरोखरच त्यांचा कोट घामाने भिजला होता. साहेबांनी जाताना म्हाताऱ्यापाशी थांबून त्याला नमस्कार केला. म्हातारा एवढा गांगरला की त्याने पटक्याचा शेव पुन्हा तोंडात घातला. मग साहेब माझ्याकडे वळले. “जूनपासून वर्ग तुमचा,” ते म्हणाले. “आणि रहिमतपूरचा वर्ग दरवर्षी. फक्त आमच्या पोरांना हुंकार द्यायला तुम्हीच शिकवा बुवा. ते मला जमायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला न जाता मोटारीने साताऱ्याला घरी गेलो. आई चुलीपाशी होती. मला अवेळी आलेला पाहून तिचं तोंड उतरलं. ती उठली, जवळ आली, आणि मी “आई, मला प... प...” म्हणताच सुरू झाली. “परत पाठवलं? पगार कापला? पोटात काही गेलंय का रे कालपासून?”

“आई,” मी म्हणालो, “तू नुसतं ‘मग?’ म्हण.”

तिला काही कळलं नाही. पण माझ्या तोंडाकडे पाहून तिने पदराचा बोळा केला आणि तोंडात दाबून धरला. तिचे डोळे भरून आले होते, गळ्याची शीर फुगली होती, सगळे ‘प’ आतून धडका देत असणार. मी थांबलो. मला पहिल्यांदाच कळलं की हिला गप्प बसायला किती बळ लागतं. मग तिने पदर जरासा बाजूला केला.

“मग?” आई म्हणाली.

“मला पहिल्या वर्षाचा वर्ग मिळाला,” मी म्हणालो. सगळं वाक्य, अगदी शेवटपर्यंत, माझं मीच म्हणालो.